पुनरुक्तीचा साधक : फिलिप ग्लास

आपल्या साहित्यशास्त्राने पुनरुक्ती हा दोष मानला आहे. एकदा सांगितलेली गोष्ट तितक्याच शब्दांत पुन्हा सांगणारा लेखक वाचकाला कंटाळा आणतो आणि तसाच वक्ता श्रोत्यांना झोप आणतो. परंतु साहित्याच्या अंगणातून संगीताच्या ओसरीवर पाऊल टाकताच हा न्याय बदलतो. कीर्तनातले ध्रुवपद पुन्हा पुन्हा येते, म्हणूनच ते ध्रुवपद. तबल्याचा ठेका तासभर तोच राहतो, म्हणूनच गवयाला त्यावर निर्धास्तपणे विहार करता येतो. जात्यावर बसलेल्या बाईच्या ओवीची चाल शंभर ओव्यांनंतरही तीच असते. तरी त्या चालीला कोणी कंटाळवाणी म्हणत नाही. येथे पुनरुक्ती हा दोष नसून ती मनाला स्थिर करणारी बैठक असते.

युरोपातील अभिजात संगीताची घडण मात्र गेल्या दोन-तीन शतकांत निराळ्या वाटेने झाली. तेथे एक स्वरवाक्य मांडले जाते, त्याचा विस्तार होतो, त्याच्याशी विरोधी असे दुसरे वाक्य येऊन भिडते, दोहोंचा झगडा होतो आणि अखेरीस समेट होतो. नाटकाच्या कथानकाप्रमाणे ते संगीत सतत पुढे सरकत असते. अशा परंपरेत वाढलेला एक अमेरिकन रचनाकार ऐन तिशीत पुनरुक्तीलाच आपली साधना मानतो, तिच्यापायी वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत नळ जोडून आणि टॅक्सी चालवून प्रपंच करतो आणि पुढे महात्मा गांधींच्या जीवनावर संस्कृत शब्दांची संगीतिका रचतो, ही हकीकत कोणत्याही संगीतप्रेमी माणसाला विचार करावयास लावील. त्या रचनाकाराचे नाव फिलिप ग्लास. त्यांना या वाटेवर आणून सोडणाऱ्यांत दोन भारतीय कलावंत होते, आणि त्या दोघांचाही नभोवाणीशी निकटचा संबंध होता. पंडित रविशंकर हे १९४९ ते १९५६ या काळात आकाशवाणीच्या दिल्लीतील वाद्यवृंदाचे संचालक होते, तर तबलानवाज उस्ताद अल्लारखा यांनी १९४० नंतर काही काळ मुंबई केंद्रावर सेवा केली होती.

फिलिप ग्लास यांचा जन्म ३१ जानेवारी १९३७ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी झाला. घराणे पूर्व युरोपातून येऊन स्थायिक झालेल्या यहुद्यांचे. आई आयडा ग्रंथपाल, तर वडील बेन यांचे रेडिओ दुरुस्तीचे आणि ध्वनिमुद्रिका विकण्याचे दुकान. दुकानात लोकप्रिय मुद्रिका हातोहात खपत. परंतु बार्टोक, शोस्ताकोविच यांच्यासारख्या नव्या रचनाकारांच्या मुद्रिका मात्र फळीवर धूळ खात पडत. या मुद्रिकांत असे काय न्यून आहे की त्यांना गिऱ्हाईक मिळू नये, हे समजून घेण्यासाठी बेन ग्लास त्या रात्री घरी नेऊन ऐकत बसत. न्यून शोधता शोधता त्यांना त्या संगीताची गोडी लागली. जिन्यावर बसून चोरून ऐकणाऱ्या लहानग्या फिलिपलाही ती लागली. थोडा मोठा झाल्यावर तो दुकानात मदत करू लागला. गिऱ्हाईक पैसे देते आणि त्याला संगीत मिळते, हा व्यवहार त्याने रोज डोळ्यांनी पाहिला. त्यामुळे कलेची विक्री करणे हीन आणि उपाशी राहणे थोर, अशी जी भाबडी समजूत पुष्कळ तरुण कलावंतांना ग्रासते, ती त्याच्या मनात कधीच रुजली नाही.

बालपणी पीबॉडी संगीतविद्यालयात तो पाश्चात्त्य बासरी शिकला. वयाच्या पंधराव्या वर्षी विशेष परीक्षा देऊन त्याने शिकागो विद्यापीठात प्रवेश मिळविला आणि गणित व तत्त्वज्ञान यांचा अभ्यास करून १९५६ मध्ये, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, तो पदवीधर झाला. न्यूयॉर्कला जाऊन संगीत शिकण्याचा बेत त्याने सांगितला, तेव्हा आईने त्याला इशारा दिला, की अशाने जन्मभर गावोगाव भटकत हॉटेलांतून राहावे लागेल. घरातल्या एका वादक नातलगाचे उदाहरण तिच्या डोळ्यांपुढे होते. मुलाला मात्र ते भविष्य फारच रम्य वाटले! पोलादाच्या कारखान्यात काही महिने मजुरी करून त्याने पैसे साठविले आणि न्यूयॉर्कच्या सुप्रसिद्ध ज्यूलियार्ड संगीतविद्यालयाची वाट धरली. १९६२ मध्ये तेथील पदव्युत्तर पदवी त्याच्या हाती आली. तोवर त्याच्या नावावर पुष्कळ रचना जमा झाल्या होत्या, काही छापल्याही गेल्या होत्या. परंतु त्या सगळ्या गुरुजनांच्या वळणाच्या होत्या. हस्ताक्षर सुंदर असावे आणि सही मात्र दुसऱ्याची असावी, तशातला तो प्रकार होता.

हे अस्वस्थपण घेऊन ग्लास १९६४ मध्ये शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. तेथे नादिया बूलांझे या विदुषीकडे शिकण्यासाठी देशोदेशींचे विद्यार्थी येत. ॲरन कोपलंडसारखे अमेरिकेचे अग्रगण्य रचनाकार त्यांच्याच तालमीत तयार झालेले. पदव्युत्तर पदवी घेऊन आलेल्या या सत्तावीस वर्षांच्या विद्यार्थ्याला बाईंनी पुन्हा पहिल्या यत्तेत बसविले. अनेक स्वरपंक्ती एकमेकींना छेद न देता एकत्र कशा चालवाव्यात, एका सुरावर दुसरा सूर ठेवताना कोणते नियम पाळावेत, हे बाख आणि मोझार्ट यांच्या रचना समोर ठेवून त्यांनी दोन वर्षे घोटून घेतले. चूक दिसली की क्षमा नसे. आपल्याकडे गुरुगृही वर्षानुवर्षे एकच पलटा घोटून घेतात, त्याची आठवण व्हावी अशी ही शिस्त होती.

याच काळात पॅरिसमध्ये ‘चपाक्वा’ नावाच्या एका चित्रपटासाठी रविशंकर संगीत करीत होते. तेथील वादकांना लिहिलेले स्वर वाचूनच वाजविण्याची सवय; रविशंकरांचे संगीत तर मनात आणि कंठात. ते गाऊन दाखवतील ते पाश्चात्त्य लिपीत उतरवून वादकांपुढे ठेवणारा मध्यस्थ हवा होता, आणि ते काम ग्लास यांच्याकडे आले. त्यांना भारतीय संगीताची तोवर ओळखही नव्हती. पाश्चात्त्य स्वरलेखनात ठरावीक मात्रांनंतर एक उभी रेषा काढतात आणि रेषेनंतरच्या पहिल्या स्वरावर वादक सहजच किंचित जोर देतो. ग्लास यांनी स्वर अचूक लिहिले; पण वादकांनी ते वाजविताच अल्लारखा मान हलवून नापसंती दर्शवू लागले. नको तेथे आघात येत होता. ग्लास यांनी रेषा इकडच्या तिकडे सरकविल्या. आघातही तेवढा सरकला, चूक मात्र कायम राहिली. सगळे स्वर सारखेच आहेत, असे अल्लारखा पुन्हा पुन्हा सांगत होते. शेवटी त्रासून ग्लास यांनी सगळ्या उभ्या रेषा खोडून टाकल्या. आणि मग, कुंपणे काढल्यावर शेताचा खरा उतार दिसावा, तसा कागदावर स्वरांचा एक अखंड प्रवाह त्यांना दिसला. दोन-दोन, तीन-तीन स्वरांचे लहान गट एकमेकांना जोडले जात होते आणि त्यांच्या बेरजेतून एक मोठे आवर्तन उभे राहत होते. त्यांना ताल ‘दिसला’ तो असा.

या प्रसंगाचे मर्म नीट ध्यानात घेतले पाहिजे. पाश्चात्त्य संगीत काळाचा विचार बहुधा भागाकाराने करते. एक पूर्ण मात्रा घ्यावयाची, तिचे दोन भाग करावयाचे, त्यांचे चार, चारांचे आठ. ग्लास यांना भारतीय पद्धतीत बेरीज दिसली : दोन आणि तीन पाच, तीन आणि दोन आणि दोन सात. झपतालाचे दोन-तीन-दोन-तीन किंवा रूपकाचे तीन-दोन-दोन हे आपल्या कानांना इतके सवयीचे आहे, की त्यात काही विशेष आहे असे आपल्याला वाटतही नाही. परक्या माणसाला मात्र त्यात संगीत रचण्याची एक नवी रीतच सापडली. १९६६ मध्ये शिक्षण संपल्यावर ग्लास खुष्कीच्या मार्गाने भारतात आले. हिमालयाच्या कुशीतील गावांतून हिंडले, तिबेटी निर्वासितांच्या सहवासात आले. १९६७ मध्ये न्यूयॉर्कला परतल्यावर त्यांनी अल्लारखांकडे तालाचे काही धडेही घेतले.

त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी जे रचले ते पूर्वीच्या सगळ्या लेखनाहून निराळे होते. समजा, पाच स्वरांची एक लहानशी आकृती घेतली. ती तशीच्या तशी कित्येक वेळा वाजवावयाची. ऐकणाऱ्याच्या अंगात ती मुरली, की तिला एक स्वर जोडून सहा स्वरांची करावयाची. मग सात, मग आठ. आणि पुढे तशाच क्रमाने उतरावयाचे. लय तीच, स्वर तेच, आवाजाची पातळीही तीच. बदलते ती केवळ आवर्तनाची लांबी. प्रथम कान गोंधळतो, मग कंटाळतो. आणि कंटाळ्याच्या पलीकडे गेला की एकाएकी फार सूक्ष्म फरकही त्याला स्पष्ट ऐकू येऊ लागतो. अंधाऱ्या खोलीत शिरल्यावर थोड्या वेळाने वस्तू दिसू लागाव्यात, तसे हे घडते. लोकांनी या संगीताला ‘अल्पतावादी’ असे नाव दिले. ग्लास यांना ते कधी रुचले नाही. पुनरावर्ती रचनांचे संगीत, एवढेच त्याचे वर्णन त्यांना मान्य होते.

हे भारतीय संगीत झाले काय? तसे मुळीच नाही. आपल्या तालात आवर्तनाची लांबी अचल असते. तबलजी आणि गायक तिच्या आत कितीही वाकडी वळणे घेवोत, अखेर समेवर यावे लागते, आणि त्या समेवर येण्यातच श्रोत्याची मान डोलते. ग्लास यांच्या आरंभीच्या रचनांत आवर्तन स्वतःच वाढते आणि आखडते. तेथे सम नाही, तिहाई नाही, रागाचे चलन नाही आणि वादकाला उपजेचे स्वातंत्र्यही नाही. म्हणजे त्यांनी आपल्याकडून दागिने उसने नेले नाहीत. दागिना घडविण्याची एक हातोटी पाहिली आणि आपल्या सोन्यावर ती आपल्या रीतीने चालविली. सतारीचे चार सूर पेरून आपल्या संगीताला पौर्वात्य सुगंध देणारे रचनाकार त्या काळी पाश्चात्त्य देशांत पुष्कळ होते. त्यांची नक्कल चटकन ओळखू येते. ग्लास यांच्या संगीतात भारत कानांना फारसा ऐकू येत नाही. तो मोजणीत आहे.

परंतु नवी रीत सापडणे निराळे आणि ती ऐकणारे कान सापडणे निराळे. १९६८ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात ग्लास यांचा एक कार्यक्रम झाला. श्रोते मोजून सहा होते, आणि त्यांपैकी एक बाल्टिमोरहून आगगाडीने आलेली त्यांची आई होती. संगीताविषयी ती काही बोलली नाही. केस फार वाढले आहेत, एवढेच तिने मुलाला सांगितले. त्याच वर्षी त्यांनी विजेवर चालणारे ऑर्गन आणि ध्वनिवर्धकाला जोडलेली सुषिर वाद्ये यांचा स्वतःचा वाद्यमेळ उभा केला. प्रस्थापित सभागृहांनी दारे बंद ठेवली, तेव्हा हा मेळ चित्रकारांच्या कार्यशाळांतून आणि कलादालनांतून वाजवू लागला. युरोपच्या दौऱ्यात ॲम्स्टरडॅम येथे एक संतप्त श्रोता मंचावर चढून ऑर्गनच्या पट्ट्या बडवू लागला; ग्लास यांनी एका हाताने त्याला ठोसा लगावला आणि दुसऱ्या हाताने वादन चालू ठेवले, असा किस्सा त्यांनीच सांगितला आहे.

पोटासाठी मात्र त्यांनी संगीताला कधी वेठीस धरले नाही. विद्यापीठातील अध्यापकी पत्करण्याऐवजी त्यांनी सामान हलविण्याचा धंदा केला, नळजोडणी केली, पुढे टॅक्सी चालविली. एकदा ते कोणाच्या तरी घरी भांडी धुण्याचे यंत्र बसवीत असता मालक येऊन चकित होऊन पाहत राहिले. ते ‘टाइम’ साप्ताहिकाचे नामवंत कलासमीक्षक रॉबर्ट ह्यूज होते. तुम्ही तर कलावंत, येथे काय करता, असे त्यांनी विचारले. आपण कलावंत आहोत आणि कधी कधी नळजोडणीही करतो, आता हे काम पुरे करू द्यावे, असे ग्लास यांनी शांतपणे सांगितले. रात्री टॅक्सी चालवून परतल्यावर पहाटेपर्यंत लिहावे आणि मुलांना शाळेत पोहोचवून मग झोपावे, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे होता.

१९७६ मध्ये दिग्दर्शक रॉबर्ट विल्सन यांच्या जोडीने त्यांनी ‘आइन्स्टाइन ऑन द बीच’ ही संगीतिका सिद्ध केली. २५ जुलै रोजी फ्रान्समधील आव्हिन्यों येथे तिचा पहिला प्रयोग झाला. जवळजवळ पाच तासांचा हा खेळ. मध्यंतर नाही, कथानक नाही. प्रेक्षकांनी वाटेल तेव्हा उठून जावे आणि परत यावे. वृंदगायक जे गातात ते शब्द म्हणजे नुसते आकडे आणि स्वरांची नावे. पाश्चात्त्य प्रेक्षकांना हे विलक्षण वाटले. नर्तकांची पढंत आणि गवयांची सरगम ऐकलेल्या माणसाला ते तितके परके वाटू नये. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कचे मेट्रोपोलिटन संगीतिकागृह सुटीच्या दिवशी भाड्याने घेऊन या खेळाचे दोन प्रयोग करण्यात आले. चार हजारांच्या आसपास जागा असलेले ते प्रेक्षागृह दोन्ही दिवस भरले. आठ वर्षांपूर्वी सहा श्रोत्यांत बसलेल्या आईने तीही गर्दी पाहिली. तथापि खर्च इतका अवाढव्य होता, की भरलेल्या प्रेक्षागृहानंतरही कर्जाचा डोंगर उरला आणि ग्लास पुन्हा टॅक्सीच्या चाकामागे जाऊन बसले. लवकरच एक वृद्ध बाई त्यांच्या टॅक्सीत बसल्या. चालकाच्या परवान्यावरील नाव वाचून, तुझे नाव एका फार प्रसिद्ध संगीतकाराचे आहे, हे तुला ठाऊक आहे काय, असे त्यांनी विचारले!

टॅक्सी सुटली ती नेदरलँड्समधून आलेल्या एका मागणीमुळे. तेथील संगीतिका संस्थेसाठी ग्लास यांनी गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतील पर्वावर ‘सत्याग्रह’ ही संगीतिका रचली आणि ५ सप्टेंबर १९८० रोजी रॉटरडॅम येथे तिचा पहिला प्रयोग झाला. तिचे तीन अंक टॉल्स्टॉय, रवींद्रनाथ टागोर आणि मार्टिन ल्यूथर किंग या तिघांच्या नावे आहेत : एक गांधीजींचा पूर्वसूरी, दुसरा समकालीन आणि तिसरा वारसदार. प्रसंग कालक्रम सोडून येतात. नामदार गोखले १९१२ मध्ये जेथे जाऊन राहिले तो टॉल्स्टॉय आश्रम, १९०६ मधील सामुदायिक शपथ, डरबनच्या जमावाने केलेला हल्ला, ‘इंडियन ओपिनियन’ पत्राचे कार्य, १९०८ मधील परवान्यांची होळी आणि १९१३ मधील न्यूकॅसलचा मोर्चा, हे सारे रंगमंचावर घडते. पात्रांच्या मुखी मात्र संवाद नाहीत. कॉन्स्टन्स डीयाँग यांनी भगवद्गीतेतून निवडलेले श्लोक मूळ संस्कृतात गायिले जातात. डोळ्यांना इतिहास दिसतो आणि कानांना त्या इतिहासामागचे चिंतन ऐकू येते. गांधीजी गीतेला आपली माता म्हणत आणि तिच्या आधारावर प्रत्येक कृती तोलून पाहत. ज्या ग्रंथावर हा पुरुष जगला, तोच ग्रंथ त्याच्या मुखी घालण्यात मोठे औचित्य आहे.

या संगीतिकेच्या वाद्यवृंदात तारवाद्ये, लाकडी सुषिर वाद्ये आणि ऑर्गन एवढीच वाद्ये आहेत. पितळी वाद्ये नाहीत आणि तालवाद्यही नाही. तबल्याच्या सान्निध्यात ज्याची रीत घडली त्याने येथे तालवाद्य वर्ज्य करून ताल ठेवला, ही गोष्ट सूचक आहे. कित्येक प्रवेशांचा पाया म्हणून स्वरमेळांची एक लहान साखळी पुन्हा पुन्हा फिरत राहते. ही युक्ती युरोपातच सतराव्या शतकात ‘शाकोन’ या नावाने प्रचलित होती. परक्याच्या घरून शिकून आलेल्या माणसाला आपल्या आजोबांच्या पेटीतही तेच रत्न सापडावे, तसे हे झाले. बूलांझेबाईंची शिस्त आणि अल्लारखांची मोजणी यांचा मिलाफ येथे झाला.

शेवटचा प्रवेश तर ऐकण्याजोगाच आहे. मोर्चेकरी पकडून नेले गेले आहेत. मागे उंचावर किंग यांची मूक आकृती उभी आहे. पुढे गांधीजी एकटे. ते चौथ्या अध्यायातील भगवंतांचे वचन गातात : आपले अनेक जन्म होऊन गेले, आणि धर्माला ग्लानी येते तेव्हा तेव्हा आपण पुन्हा अवतरतो. त्यासाठी ग्लास यांनी योजली आहे ती एक साधी आरोही सप्तकाची ओळ, खालच्या षड्जापासून वरच्या षड्जापर्यंत, तीस वेळा. पाश्चात्त्य लोक या सप्तकाला ‘फ्रिजियन’ म्हणतात. कोमल रिषभ, कोमल गांधार, शुद्ध मध्यम, पंचम, कोमल धैवत, कोमल निषाद : म्हणजे आपल्या भैरवी थाटाचेच स्वर! ही भैरवी रागिणी नव्हे. तिची नजाकत तेथे शोधू नये. परंतु मैफलीची सांगता भैरवीने करणाऱ्या श्रोत्याच्या मनात हे स्वर शेवटी आले की जे हलते, ते या योगायोगाने अधिकच हलते. ओळ बदलत नाही. तिच्याखालचे स्वरमेळ मात्र हळूहळू रंग पालटतात. पुन्हा पुन्हा येणे, हाच ज्या श्लोकांचा अर्थ, त्यांना पुनरुक्तीहून योग्य अलंकार कोणता असू शकेल?

यानंतर कीर्ती आली आणि टिकली. १९८४ मध्ये श्टुटगार्ट येथे ‘आखनातेन’ ही इजिप्तच्या सूर्योपासक राजावरील संगीतिका झाली. चित्रपटांना दिलेल्या संगीतामुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. दलाई लामांच्या जीवनावरील ‘कुंदुन’ हा १९९७ चा चित्रपट त्यांपैकीच एक. १९८७ चा व्हायोलिन कन्सर्टो रचताना आपल्या वडिलांना जे संगीत आवडले असते ते लिहावे, हा हेतू त्यांनी मनाशी धरला होता. बेन ग्लास १९७१ मध्येच निवर्तले होते. मुलाचे यश त्यांनी पाहिले नाही. १९९० मध्ये रविशंकर आणि ग्लास यांनी ‘पॅसेजेस’ ही ध्वनिमुद्रिका एकत्र सिद्ध केली. एकाने दिलेल्या स्वरकल्पनांवर दुसऱ्याने रचना करावी, असा तो सौदा होता. पॅरिसमधील लेखनिक आता बरोबरीच्या नात्याने समोर बसला होता. एवढ्या विपुल निर्मितीत सर्वच काही सारख्या तोलाचे नाही, हेही सांगितले पाहिजे. कित्येक ठिकाणी पुनरुक्ती साधनेची न राहता सवयीची होते, आणि एका चित्रपटातील संगीत दुसऱ्यात सहज खपून जावे असे वाटते. जो दोष त्यांनी गुण करून दाखविला, तो अधूनमधून दोष म्हणून परतही येतो.

पियानोवादक म्हणून ग्लास यांची योग्यता निराळ्या मापाने पाहावी लागते. ते चमत्कृती करणारे वादक नव्हेत. बासरीकडून पियानोकडे आलेले आणि आपल्याच रचना वाजविणारे वादक. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ग्लासवर्क्स’मधील पहिली रचना घ्या. एक हात दोन स्वर वाजवितो तेवढ्या काळात दुसरा तीन स्वर वाजवितो. आपल्या भाषेत ही दीडपट. तबल्याचा विद्यार्थी तिला आड लय म्हणतो. एवढ्याशा भांडवलावर ती रचना आरंभापासून अखेरपर्यंत उभी आहे. ‘मॅड रश’ या रचनेची कथा तर मनोरंजक आहे. १९७९ मध्ये दलाई लामा न्यूयॉर्कला प्रथमच आले. तेथील मोठ्या चर्चमध्ये त्यांच्या स्वागतासाठी ऑर्गन वाजवावयाचा होता. पण ते नेमके केव्हा पोहोचतील हे कोणीच सांगू शकत नव्हते. तेव्हा वाटेल तितकी लांबविता येईल आणि वाटेल तेव्हा थांबविता येईल अशी रचना ग्लास यांनी केली. पाहुण्याची वाट पाहण्याला संगीतरूप देण्याचे काम आवर्तनाखेरीज दुसऱ्या कोणत्या आकृतीला जमले असते?

पन्नाशी उलटल्यावर, १९९१ पासून, त्यांनी पियानोसाठी सरावाच्या रचना लिहिण्यास आरंभ केला. हेतू अगदी साधा होता : आपल्या बोटांतली उणीव आपणच भरून काढावी. जे अवघड जाते ते लिहावे, लिहिलेले रोज घोटावे, आणि ते साधले की त्याहून अवघड लिहावे. अशा वीस रचना पुऱ्या होण्यास २०१२ साल उजाडले. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे त्या प्रथमच सलग वाजविल्या गेल्या. वादकांत पंचाहत्तरी ओलांडलेले ग्लास स्वतःही होते. पुढे जगातील अनेक तरुण पियानोवादकांनी त्या आपल्याशा केल्या. कीर्ती मिळाल्यावर रियाज सोडणारे पुष्कळ असतात. कीर्ती मिळाल्यावर आपल्या रियाजासाठी नवे पलटे रचणारा विरळा.

एका प्रसंगाने ही हकीकत पुरी करणे उचित होईल. २०११ च्या अखेरीस ‘सत्याग्रह’चे प्रयोग त्याच मेट्रोपोलिटन संगीतिकागृहात चालू होते, जे पूर्वी एका टॅक्सीचालकाने भाड्याने घेतले होते. आता ती संस्था स्वतःहून ते खेळ करीत होती. त्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये धनिकांच्या सत्तेविरुद्ध तरुणांचे आंदोलन पेटले होते. १ डिसेंबर रोजी शेवटचा प्रयोग संपत असता आंदोलक संगीतिकागृहाबाहेर जमले. आत गांधीजींचा जयजयकार आणि बाहेर निदर्शकांना अडथळ्यांच्या पलीकडे रोखून धरलेले, हा विरोधाभास कोणाच्याही ध्यानात यावा असाच होता. चौऱ्याहत्तर वर्षांचे ग्लास बाहेर येऊन त्या गर्दीत उभे राहिले. त्यांना बोलण्यास सांगण्यात आले. ध्वनिवर्धकाची सोय नव्हती. वक्त्याने एक तुकडा बोलावा, जवळच्यांनी तो एकमुखाने मोठ्याने म्हणावा, म्हणजे मागच्यांना कळेल, अशी त्या आंदोलनाची रीत होती. ग्लास यांनी भाषण केले नाही. संगीतिकेच्या शेवटच्या श्लोकांचा इंग्रजी अनुवाद ते तुकड्या-तुकड्याने म्हणू लागले, आणि जमलेले लोक प्रत्येक तुकडा त्यांच्यामागून उच्चारू लागले. ते संपले की त्यांनी पुन्हा आरंभ केला, आणि लोकांनीही पुन्हा साथ दिली.

एका माणसाने म्हणावे आणि अनेकांनी ते पुन्हा म्हणावे, ही रीत आपल्याला कीर्तनातून आणि दिंडीतून परिचयाची आहे. त्या रात्री न्यूयॉर्कच्या थंडीत ती कोणीही शिकविल्यावाचून घडली. सहा श्रोत्यांपुढे जी पुनरुक्ती वेडगळ ठरली होती, ती तेथे शेकडो अपरिचितांच्या मुखी आपला अर्थ स्वतःच सांगत होती.